दोनशे चौदा

चांगला पिक्चर पाहिजे असेल तर पुढे जा, बाळा,
नाक्यावर काचेचं दुकान आहे, गार हवेचं.
माझ्याकडे आहेत ते हे असे.
माझगावच्या दमटपणानं लेबलं सुटली,
उरले नंबर,
आणि हे डोकं.

सत्त्याऐंशी घे.
त्यात भूत लिफ्टमध्ये राहतं,
जाळीच्या दाराची लिफ्ट, आत लाकडी बाक.
भूत कुणाला काही करत नाही.
नुसतं विचारतं, कितवा मजला?
आणि चाळीस-चाळीस वर्षं तिथं राहिलेली माणसं
गप्प होतात.
आठवत नाही त्यांना.
पिक्चरभर एवढंच.
बायको म्हणाली, हे काय आणलंत,
यात काहीच घडत नाही.
रविवारी शिवडीला बहिणीकडे गेली
तर पाच मजले जिन्यानं चढली.
गुडघ्यांसाठी बरं असतं म्हणे.

एकशे बेचाळीस मारामारीचा.
शेवटची वीस मिनिटं ससून डॉकच्या बर्फाच्या गोदामात.
संगीत नाही. पैसे संपले असणार.
फक्त तीसेक जणांचा श्वास, वाफ होऊन,
कोण कुणाला हाणतंय कळत नाही.
मध्येच हिरो थांबतो, बोटांवर फुंकर घालतो.
समोरचा गुंडही थांबतो.
दोघं हात चोळतात,
एकमेकांकडे बघत नाहीत,
मग पुन्हा सुरू.
असला प्रामाणिकपणा तुझ्या काचेच्या दुकानात मिळेल?

पन्नासमधल्या राक्षसाची पाठीवरची चेन दिसते.
हस. मीही हसलो होतो.
पण तो जेवायला बसतो ते बघ.
भात कालवतो, घास उचलतो, तोंडाशी नेतो,
आणि मुखवट्याला तोंडच नाही.
विसरले असतील कापायला.
कॅमेरा चालूच.
तो घास खाली ठेवतो. पुन्हा कालवतो.
त्या रात्री मी ताटावरून उठलो.

आता दोनशे चौदा.
हा सगळ्यांना देत नाही.

वसईचा विल्यम डाबरे. पडणं हा त्याचा धंदा.
नावांच्या पाटीत शोधू नकोस, नाही सापडणार.
या एका पिक्चरमध्ये पाचदा मरतो:
आधी वॉचमन, मग स्मगलर,
मग चिनी टोपी घातलेला कुणीतरी,
मग पुन्हा तोच वॉचमन, कारण एडिटर झोपलेला.
आणि शेवटी हिरॉइन.
पांढऱ्या साडीत, विग लावून,
पाण्याच्या टाकीवरून, सहा मजले.

तिथं डोळे उघडे ठेव.
माणूस पडताना हात पसरतो,
हवा धरायला बघतो, तू-मी तसंच करू.
डाबरेचा एक हात तसाच आहे.
दुसऱ्यानं त्यानं पदर धरलाय,
छातीशी, घट्ट,
खाली चादरीआड खोके येईपर्यंत.

पाय गेल्यावर यायचा इथं, काठी टेकत.
पाच रुपये ठेवायचा, मी नको म्हटलं तरी.
या स्टुलावर बसून तेवढंच बघायचा,
मागे घ्यायचा, थांबवायचा, बघायचा.
एकदा विचारलं, कुणी सांगितलेलं रे पदराचं?
डायरेक्टरनं?
म्हणाला, डायरेक्टर चहा पीत होता.
बाईमाणूस पडतंय, म्हणाला,
आणि खाली एवढे लोक वर बघत उभे.

पुढे काही बोलला नाही.
मीही कॅसेटी पुसत राहिलो.

तिथं आडवे पट्टे येतील, मशीनला शिव्या देऊ नकोस.
टेप तेवढ्याच जागी झिजलीय.
डिपॉझिट शंभर, भाडं दहा,
परत आणताना सुरुवातीला आणून ठेव.

व्हीसीआर आहे ना घरी?
नाही?

मग एवढा वेळ उभा कशाला राहिलास.
ये आत. वायरवरून पाय उचलून ये.
ते स्टूल ओढ. नाही,
ते नाही,
दुसरं.